तृप्तीचं बटण

गंगापूर रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात माझा प्रिंटर दुरुस्त होत होता. तोवर शेजारी उभ्या नवरा-बायकोची खरेदी फुकटात ऐकायला मिळाली.

"एका स्क्रीन-कीबोर्डवर दोन कॉम्प्युटर चालतात ना, तो दोन बटणांचा स्विच द्या. आमचा बिघडला."

"काका, घरी कॉम्प्युटर किती?"

"एक. दुसरा तृप्ती घेऊन गेली, हैदराबादला. नोकरी लागली लेकीला."

"मग स्विच कशाला? केबल थेट लावा."

"तेच सांगतेय मी! पण हे रोज सकाळी तिचं बटण दाबून काळ्या स्क्रीनपुढे बसतात."

"नुसती काळी नसते गं. 'सिग्नल नाही' असं लिहून येतं."

"मोठी बातमीच की!"

"आणि ती अचानक आली, म्हणाली, माझी जागा कुठंय, तर?"

"अहो, आठ महिने झाले. फोनसुद्धा दर वेळी आपणच करतो."

"म्हणून तर."

"काकू, मग काय देऊ? केबल?"

"नको, स्विचच द्या. पण बटण मजबूत बघा. सकाळी हे दाबतात, आणि दुपारी हे झोपले की मी."