ताटापुरती खिडकी

न्हाई वलीभाऊ, अजून लहान कर — ताट सरकलं म्हंजी झालं, माणूस नको. गेटाला खिडकी कशाला म्हनतोस? आरं, जेवाण बाहेर द्यायला! भिकाऱ्याला नव्हं रं, माझ्या राजरत्नला. हे बघ, त्याचंच ताट आणलंय मापाला — नाव घातलंय त्याच्यावर, पाचवी पास झाला तवा मंचरच्या बाजारातनं घेतलेलं. कितीबी पिऊन आला तरी दुसऱ्या ताटात जेवत न्हाई. पोरगं वाईट न्हाई बाबा — शुद्धीत असला की माझे पाय चेपतो, लई जीव लावतो. औंदा बुद्धपौर्णिमेला विहारात पंचशील घेतलं, पाचवं शील, दारू न पिण्याचं, तर मोठ्यानं म्हनला — आन् दिवस मावळायच्या आत...

हात? न्हाणीत पडले. फरशी निसरडी हाय — असं काय बघतोस? बरं, न्हाई पडले. पिळला त्यानं. प्रतीक्षाची, त्याच्याच पोरीची, पुस्तकं चुलीत घालाय निघाला व्हता, मी मधी गेले. दहावीला हाय ती. माझा हात काय, जुळंल — पण पोर एक शब्द बोलली न्हाई. उरलेली पुस्तकं उचलली आन् शेजारी सोनीबाईकडं जाऊन बसली. तिची आई बी अशीच, न बोलता घर सोडून गेली अठ्ठ्याण्णव साली, ही रांगत व्हती तवा. त्याआधी चार वरसं मीच तिला धरून ठेवलेली — सुधरंल गं, सुधरंल. दोन दात पडले तिचे, तवाबी मीच म्हनले, बाहेर बोलू नको. मीच... जाऊ दे.

सांगितलंय त्याला तोंडावर, सकाळी, शुद्धीत असताना. म्हनलं, राजू, दोन टायमाला जेवायला ये, पण उंबऱ्याच्या आत न्हाई. तर हसला. म्हनला, आई, तूच उघडशील.

खरंय रं त्याचं. तीनदा कडी घातली, तीनदा मीच काढली — बाहेरनं रडाय लागला की माझ्यानं ऱ्हावत न्हाई. म्हनून कडी नको, गेटातच कुलूप बसव. दोन किल्ल्या येत्यात ना? दोनीबी प्रतीक्षाच्या हातात दे, मला न्हाई. आन् उद्या मीच येऊन म्हनले, वलीभाऊ, गेट काप — तर हाकलून दे मला. रडले, पाया पडले तरी.

काय? एवढ्याशा पोरीच्या गळ्यात कशाला?... मग कुणाच्या घालू? तुझ्या?

माप झालं ना? लाव मग मशीन.