घर सोबतच आहे

गॅरेजच्या बाकावर ती बाळाला थोपटत बसली होती. शेजारी एक म्हातारं जोडपं होतं. त्यांची मोटारहोम, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, आत जॅकवर चढवलेली होती.

"क्लच दुरुस्त होईपर्यंत लेकाकडेच थांबायला हवं होतं," म्हातारी म्हणाली.

"थांबलो होतो की! फाटकाबाहेर, गाडीत."

"सूनबाईंना गाडी केवढी आवडली!"

"आवडणारच. पाहुण्यांची खोली उघडावी लागली नाही."

"तो थट्टेनं म्हणाला हो, 'आई, तुमचं घर तुमच्यासोबतच आहे.'"

"आणि तू हसलीस."

"मग रडू त्याच्यासमोर? इतक्या वर्षांनी भेटला."

थोपटणारा हात थांबला.

"आता लेकीकडे ना?" म्हाताऱ्यानं बायकोला विचारलं.

"आधी फोन करून विचारा."

"काय, येऊ का?"

"नाही हो. दारात गाडी लावायला जागा आहे का, ते."