प्लगवर न दिलेला ठिपका

—नाही हो, हे नाहीत, पार्ट आणायला गेलेत. आणि ते येईपर्यंत तुम्ही का खोळंबायचं? बसा की त्या स्टुलावर, बॉनेट मी उघडते. घाबरू नका मॅडम, लग्न झाल्यापासून ह्या गॅरेजमधलं निम्मं काम माझ्याच हातचं आहे, बोर्डावर नाव तेवढं ह्यांचं. काय म्हणालात—चढावर गाडी दम टाकते, चेक लाइट लागतो, मग आपोआप जातो? परत तेच! चौथी खेप ना ही? मला कसं माहीत? अहो, तुमच्या रोपवाटिकेच्या पिकअपचा आवाज कोपऱ्यावर आला की आमचे हे हात धुवायला पळतात. साबणाने! एरवी जेवायला बसतानासुद्धा आठवण करून द्यावी लागते.

तर ही तुमची ईजीआर झडप. इंजिनाचा थोडा धूर परत इंजिनातच सोडते. काजळीने भरली की अडकते, मग गाडी अशी कुरकुरते. हे म्हणाले असतील, काजळी आहे, साफ करून देतो—तिन्ही वेळा तेच म्हणाले? वाटलंच. आणि तुम्ही त्यांना कुंडी दिलीत, ती बघा, टेबलावर. छान आहे हो, छानच आहे. स्वतःचा चहाचा कप कधी विसळला नाही ह्या माणसाने, पण कुंडीला पाणी रोज. परवा मी घातलं तर म्हणे, तू नको घालूस, जास्त होतं. जास्त होतं! मी काही म्हणत नाही हां. तुमचा काय दोष? तुम्ही हसून बोलता, स्वभावच असतो एकेकाचा. केसही छान कापलेत. मला नाही शोभणार.

थांबा, चार बोल्ट काढले की आलीच बाहेर—आं? हे बघा, आत बोट फिरवलं. बोट बघा माझं. जरासं काळं, बस. कुठाय काजळी? आणि झडप तर बोटाने ढकलली तरी हलतेय, कुठे अडकत नाही. मग लाइट का लागतो? वायर बघू या... हा तिचा प्लग. अगंबाई, हा तर डुगडुगतोय! आत पुरता बसलेलाच नाही. खड्ड्यात गाडी आदळली की सुटत असणार, मग परत चिकटतो. एवढंच. एवढंच होतं, तर मग ह्यांना—

ते बोल्टवर लाल ठिपके दिसतात का तुम्हाला? नेलपॉलिश आहे, माझं. आमची पद्धत आहे ती—काम पुरं झालं, घट्ट बसलं, की ठिपका. त्याशिवाय गाडी दाराबाहेर जात नाही. हे एक वेळ मला विसरतील, ठिपका विसरायचे नाहीत. चारही बोल्टवर आहे, एकावर एक, पापुद्रे चढलेत. आणि प्लगवर—जरा टॉर्च धरा—प्लगवर नाही. एकदाही दिलेला नाही. विसरले असतील, नाही? एकदा विसरतो माणूस. तीनदा?

त्याला माहीत होतं. मुद्दाम सैल ठेवला, तुम्ही परत यावं म्हणून. आणि सैल प्लगवर ठिपका द्यायला हात काही धजला नाही—बघा, केवढा प्रामाणिक माणूस! नाही, तुम्हाला माहीत नव्हतं, तुमच्या चेहऱ्यावरून कळतंय. उठू नका, झालंच. मी खुळी, इतके दिवस त्या कुंडीवर जळत बसले. घरी मोरीतला नळ गळतोय, तो आवळायला ह्याला वेळ नाही, आणि इथे—

झडप बसली. बोल्ट आवळले. आता प्लग. खट्! ऐकलंत? आणि हा ठिपका. मोठा देते, लांबून दिसेल असा. आता ह्या कामासाठी तुम्हाला यायला लागणार नाही. कुंडी? असू दे इथेच. पाणी मी घालीन. भरपूर घालीन.

आलाच बघा. फाटकाशी थांबला. गाडी दिसली वाटतं त्याला. काय करतोय तो—स्कूटरच्या आरशात बघून केस सारखे करतोय. मला बघायला आला होता ना, तेव्हा अस्साच केला होता भांग. मी खिडकीतून बघितलं होतं.

ही घ्या किल्ली. निघा तुम्ही.