आईच्या कानातली गाणी

बाबा: ते बटण नुसतं दाबू नकोस, दाबून धर. तुझी आई तसंच करायची.

लेक: धरलंय. चालू झालाय प्लेअर. चार्जही आहे.

बाबा: असणारच. दवाखान्यात रोज सकाळी मीच लावायचो. सलाईनच्या स्टँडमागे एक प्लग होता. नर्स ओरडायची, तो मशिनचा आहे म्हणून. मी कसला ऐकतोय.

लेक: आई गेल्यापासून आज पहिल्यांदा तुम्ही बाहेर पडायचं नाव काढताय.

बाबा: मग घरात पडून काय करू? हा खिशात टाकायचा आणि तलावापर्यंत जाऊन यायचं. गाणी भरलेलीच आहेत. मला फक्त कानावरून बसेल असा मोठा हेडफोन आणून दे. त्या बारीक गोळ्या कानात घालायच्या तर माझं ऐकायचं यंत्र काढावं लागतं. म्हणून तर मी कधी लावून बघितलं नाही.

लेक: थांबा, कॉम्प्युटरला जोडून बघते, किती जागा उरलीय ते. बाबा, हे कधी भरलंत?

बाबा: तिला भरती केलं त्याच आठवड्यात. कपाटातल्या सगळ्या सीडी काढल्या, फडक्यानं पुसल्या, एकेक घातली. सगळं निवडलं, कॉपी केलं, खेळ खलास. चहा गार व्हायच्या आत ढीग संपत आला. जन्मभर बसची इंजिनं खोलली, मला हे काय अवघड?

लेक: इतक्या लवकर?

बाबा: तुझा नवरा म्हणत होता, एकेका सीडीला दहा-दहा मिनिटं लागतात. म्हटलं, जावईबापू, तुमचा कॉम्प्युटर म्हातारा झाला असेल.

लेक: बाबा, इकडे या जरा. खुर्ची घेऊन या.

बाबा: काय? व्हायरस?

लेक: नाही. हे बघा, फोल्डर आहेत. नावं तुम्हीच दिलीत. ‘जुनी’, ‘सकाळची’, ‘हिच्या आवडीची’. पण आत गाणी नाहीत.

बाबा: चष्मा पूस तुझा. ही एवढी रांग दिसत नाही? ट्रॅक एक, ट्रॅक दोन...

लेक: ती गाणी नव्हेत. सीडीवर कुठलं गाणं कुठे आहे, एवढंच त्यात असतं. गाणं सीडीतच राहतं. ते वेगळ्या पद्धतीनं उतरवून घ्यावं लागतं. त्यालाच ती दहा मिनिटं लागतात.

बाबा: म्हणजे बस डेपोतच उभी, आणि मी नुसती पाटी काढून आणली.

लेक: हो.

बाबा: सगळ्यांची?

लेक: सगळ्यांची. जाऊ द्या हो, भले भले फसतात यात. सीडी आहेत ना अजून? मी आजच बसते आणि...

बाबा: थांब. असं कसं होईल? ती ऐकायची. तूच बघितलंस. डोळे मिटून पडायची, चादरीवर बोटानं ताल धरायची.

लेक: धरायची.

बाबा: मी विचारायचो, काय लागलंय? तर म्हणायची, तुमच्या आवडीचं. नंतर बिघडला असेल हा. कोणाच्या तरी हातून पडला असेल.

लेक: पडून असं होत नाही बाबा. यात कधी काही नव्हतंच. तुम्ही तिच्या हातात दिलात तेव्हाही असाच होता.

बाबा: मग सांगायचं ना! पहिल्याच दिवशी सांगायचं, अहो, हे वाजत नाही. जन्मभर माझ्या चुका काढल्या. मी भाजी आणली तर पिशवी उलटी करून बघायची. नेमकी इथेच गप्प बसली?

लेक: त्या दिवशी तुम्ही किती खुशीत होतात, आठवा. वॉर्डभर दाखवत फिरत होतात. शेजारच्या आजींना, झाडायला येणाऱ्या मावशींना. आईनं गोळ्या कानात घातल्या, क्षणभर तुमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, छान वाजतंय हो.

बाबा: मला वाईट वाटू नये म्हणून.

लेक: नाहीतर काय.

बाबा: वेडी कुठली. इतके दिवस रिकाम्या गोळ्या कानात घालून पडून राहिली. कान दुखले असतील गं तिचे.

लेक: बाबा...

बाबा: काय?

लेक: काही नाही.

बाबा: बोल. तोंड का असं उतरलं तुझं?

लेक: आपण तिच्यासमोर बोलायचो. ती गाणी ऐकतेय म्हणून.

बाबा: काय बोलायचो?

लेक: सगळंच. त्या दुपारी डॉक्टर म्हणाले, आता औषधाचा उपयोग नाही, घरी न्यायचं तर न्या. मी म्हटलं, बाहेर जाऊन बोलू. तुम्ही म्हणालात, इथेच बोल, तिच्या कानात गाणी आहेत.

बाबा: म्हणालो.

लेक: मी म्हटलं, घरी नको. माझ्याच्यानं होणार नाही. तिचं सगळं अंथरुणातच व्हायला लागलं होतं. मला किळस येते, असं म्हटलं मी बाबा. माझ्या आईची. तिच्या पायाशी बसून.

बाबा: दमली होतीस तू.

लेक: दमले होते. पण म्हटलं ते म्हटलंच.

बाबा: मी काय कमी बोललो? घरी आली तर आमच्या खोलीतच जीव सोडेल, मग मला तिथे झोपता यायचं नाही. असं बोललो मी.

लेक: नका आठवू.

बाबा: दुसऱ्या दिवशी सकाळी ती काय म्हणाली होती?

लेक: मला घरी नेऊ नका. इथेच बरं आहे. नर्स चांगल्या आहेत.

बाबा: आपण होऊन म्हणाली. मी बाहेर येऊन लगेच तुला फोन केला. सुटलो म्हटलं, तिचीच इच्छा आहे. नंतर जो भेटायला आला त्याला हेच सांगितलं, तिला घरी यायचंच नव्हतं. काल दूधवाल्यालासुद्धा सांगितलं.

लेक: मीही सगळ्यांना तेच सांगते. तेवढं आठवलं की झोप लागायची मला.

बाबा: त्याआधी रोज विचारायची. कधी सोडणार? कुंड्यांना पाणी घालता का?

लेक: त्यानंतर एकदाही नाही.

(बाबा प्लेअर कॉम्प्युटरपासून सोडवून हातात घेतात.)

लेक: पण बाबा, तिनं ऐकलंच असेल असं कशावरून? औषधांनी गुंगी असायची तिला. झोपली असेल ती.

बाबा: नव्हती झोपली.

लेक: तुम्हाला काय माहीत?

बाबा: आपलं बोलणं झालं आणि तू डबा घेऊन खाली गेलीस. तेव्हा तिनं डोळे उघडले. हा प्लेअर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, अहो, जरा आवाज वाढवा.

लेक: मग?

बाबा: वाढवला.