एका माणसाला बाप एकच

(कोचकोर गावातलं घर. जेवण आवरलंय, जेवणाची चादर, दस्तरखान, तशीच पसरलेली. तिच्यावर लॅपटॉप उघडा. सायराकान, तिचा उलान, आणि बिश्केक शहरात उलानच्याच कचेरीत काम करणारी, त्याच्याशी लग्न ठरत आलेली बेगिमाय.)

सायराकान : लाल कशाला झालं ते? बिघडलं का तुझं यंत्र?

उलान : बिघडलं नाही, आई. बरोबर चाललंय. तेच तर वाईट आहे.

सायराकान : मला कळेल असं बोल.

बेगिमाय : काकू, यात अख्ख्या कुळाची वंशावळ भरलीये. मुलामुलीचं नाव टाकायचं. कुणाच्याही बाजूने सात बापांच्या, सात पिढ्यांच्या आत रक्त एक निघालं की लाल, लग्न नाही. नाहीतर हिरवं. आम्ही गंमत म्हणून आमचीच नावं टाकली.

सायराकान : मग?

उलान : माझा सातवा बाप बोरूबाय. हिच्याकडेही बोरूबाय आहे.

सायराकान : म्हणजे तुम्ही बहीणभाऊ. चहा संपला का गं पोरी? मग ऊठ. रविवारी झुमके घालून लग्न पक्कं करायचं होतं ना, ते रद्द. बहिणीच्या कानात कोण झुमके घालतं!

बेगिमाय : थांबा हो काकू. माझ्या बाजूने तो आठवा आहे. आजोबांनी घोकून घेतलेत माझ्याकडून, चुकलं की कान पिरगाळायचे. घोळ असेल तर तुमच्या बाजूला.

सायराकान : माझ्या घरात घोळ? माझ्या नवऱ्याच्या, शाबदानच्या घराण्याची नावं मी स्वतः सांगितली याला. खिम्याची मांती वळता वळता सांगितली, एक मांती वाकडी झाली नाही!

उलान : घोळ असूच शकत नाही. सबंध हिवाळा मी आराखडा करत होतो. आधी सगळा विचार, मग कागदावर चित्र, मग वडीलधाऱ्यांची मंजुरी, मग बांधणी. एक पायरी झाली की मागे फिरायचं नाही.

बेगिमाय : आणि मी काय सांगत होते? एका घरापुरतं करू, लोकांपुढे ठेवू. ते हसतील, शिव्या देतील, मग बदलू. पुन्हा दाखवू.

उलान : तुझ्या पद्धतीने काम कधी संपतच नाही.

बेगिमाय : आणि तुझ्या पद्धतीने चूक कळते ती काम संपल्यावर.

सायराकान : भांडताय तर अगदी नवराबायकोसारखे! हा लोकरीचा नमदा कापल्यागत काम करतो, एकदा कात्री चालली की वाकडं तर वाकडं. आणि तू रस्सा चाखत चाखत करणारी. चाखून चाखून पातेलं रिकामं व्हायचं.

बेगिमाय : एक चमचा तर चाखू द्या. तुमच्या घराचं पान उघडते... काकू, उलान झाला तेव्हा तुम्ही एकोणपन्नास वर्षांच्या होतात?

सायराकान : आमच्या डोंगरातलं पाणी चांगलं आहे.

बेगिमाय : तुमच्या थोरल्या मेदेत भाऊंनंतर चोवीस वर्षांनी हा. मधली चोवीस वर्षं पाणी आटलं होतं का?

सायराकान : जीभ बघ हिची!

बेगिमाय : उलान, माझ्याकडे बघ. तू मेदेत भाऊंचा मुलगा ना? पहिला नातू म्हणून आजीआजोबांनी आपला करून वाढवलेला?

उलान : हो. म्हणजे... हो.

बेगिमाय : दोन वर्षं शेजारच्या खुर्चीत बसतोस, एका शब्दाने बोलला नाहीस!

उलान : त्यात बोलायचं काय? घरोघरी असतं. आई ती आई, मेदेतभाऊ तो भाऊ, गुलसूनवहिनी ती वहिनी.

बेगिमाय : दोनदा लग्न झालेले धरलेस, लढाईत हरवलेले धरलेस, एकाच नावाचे चुलतभाऊ धरलेस. आणि स्वतःला विसरलास?

उलान : मला वाटलं, मी सोपा आहे.

बेगिमाय : जन्माने मोज. मधे मेदेत भाऊ येतात, बोरूबाय तुझाही आठवा होतो. सुटलो आपण! एक रकाना वाढवायचा, बस्स. जन्म कुणाचा, आणि वाढवलं कुणी.

उलान : नाही जमणार. एका माणसाला बाप एकच. आराखड्याचा पायाच आहे तो. वडीलधाऱ्यांच्या सह्या झाल्यात त्याच्यावर.

बेगिमाय : तुला बायको हवी की आराखडा?

उलान : (लॅपटॉप स्वतःकडे ओढून आराखडा वर-खाली करू लागतो.)

बेगिमाय : काकू, विचार करतोय बघा!

सायराकान : बापावर गेलाय.

बेगिमाय : कुठल्या?

सायराकान : शाबदानवर! दुसरा कोण? आणि ऐका दोघं. तो रकाना मला नको. कुळाच्या मेळाव्यात एवढ्या मोठ्या पडद्यावर लावणार तुम्ही हे. सगळी वाचतील, सायराकान आजी आहे म्हणून. गोवर आला तेव्हा रात्री कुणी जागवल्या? मास्तरने मारलं तेव्हा चाबूक घेऊन शाळेत कोण गेलं? आजी गेली?

उलान : आई, गावाला माहीतच आहे की.

सायराकान : माहीत आहे, पण बोलतंय का कुणी? माझ्यासमोर बोलून दाखवावं! आणि झुमके मुलाची आई घालते. म्हणजे आता ते गुलसून घालणार? जिला अजून धड कणीक मळता येत नाही?

बेगिमाय : दोघी घाला. मला कान दोन आहेत.

सायराकान : हिला जागा दिली की ही घरच घेईल.

उलान : राहू दे, आई. तुला नको तर नको. लाल तर लाल.

सायराकान : असं तोंड करू नकोस. चाळीस दिवसांचा होतास, गुलसूनने तुला दुपट्यात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवलं, तेव्हा हेच तोंड केलं होतंस. आता रडतो की मग रडतो.

बेगिमाय : आणि तिचं?

सायराकान : कुणाचं?

बेगिमाय : गुलसूनवहिनींचं तोंड कसं झालं होतं?

सायराकान : मला काय माहीत. मी पोराकडे बघत होते.

उलान : चहा ओतू का, आई?

सायराकान : गप्प बस जरा. ...पोरी, रकाने दोन म्हणालीस. माझा पुसला तर जाणार नाही?

बेगिमाय : नाही. शेजारी शेजारी राहतील.

सायराकान : आधी कुठला?

उलान : आत आधीनंतर असं काही नसतं, आई.

सायराकान : नसेल तर कर. सबंध हिवाळा काय माशा मारल्यास?

बेगिमाय : पडद्यावर तुमचा आधी दिसेल. आत्ता करून दाखवते. नाही आवडलं तर बदलू.

सायराकान : हिची पद्धत बरी आहे. निदान विचारते तरी.

उलान : आणि वडीलधाऱ्यांना मी काय सांगू? सह्या झाल्यात!

सायराकान : सायराकानने फिरवलं म्हणून सांग. ज्याला ओरडायचंय त्याने माझ्या दारात येऊन ओरडावं. बघू कोण येतंय.

बेगिमाय : झालं. हे बघा काकू, हिरवं.

सायराकान : दिसतंय. आंधळी नाही मी. उलान, तिला फोन लाव. म्हणावं, रविवारी रेशमी रुमाल बांधून ये. तो विटका निळा नको.

उलान : लागला... हॅलो, वहिनी...

सायराकान : वहिनी नको रे. आज आई म्हण. एकदाच हं. सवय लावून घेऊ नकोस.