एकच पान काढायचं

कोन्सोर्सिया : "लाल चौकट आली तर कशालाही हात लावायचा नाही, मानांग. आधी मला फोन." हे मशीन बसवलंस तेव्हा तूच म्हणाला होतास, होबितो. म्हणून कालपासून नुसती बघत बसलेय.

होबितो : नुसती? खरं सांगा.

कोन्सोर्सिया : बरं, एक पत्र पुसलं. 'तुमच्या पार्सलची पावती' म्हणे. मी कधी पार्सल मागवलं? पण पुसलं तरी हा अँटिव्हायरस ओरडतोच आहे. वर विचारतो, अख्खी फाइल काढून टाकू का.

होबितो : त्याला 'हो' नाही ना म्हणालात?

कोन्सोर्सिया : म्हणणारच होते. पण काल मंगळवार, संत अंतोनीची प्रार्थना अर्धी राहिली होती. मध्येच कशी उठू?

होबितो : उठला नाहीत तेच बरं. तुमची सगळी पत्रं एकाच फाइलीत असतात, एका वहीत लिहिल्यासारखी. अँटिव्हायरसला वही दिसते, पान दिसत नाही. 'हो' म्हटलं असतंत तर मानोंग तेओदुलोंची सगळी पत्रं गेली असती.

कोन्सोर्सिया : अकरा वर्षांची आहेत रे. जहाजावरचा स्वयंपाक आटोपला की माझा नवरा लिहायचा. आता तो नाही, आणि ही पत्रंही दुसरीकडे कुठे नाहीत.

होबितो : म्हणून आधी वहीची प्रत वेगळी ठेवली. आता ती पावती शोधू... हं, तशीच आणखी दोन आहेत, एप्रिलमधली. न उघडताच काढतो. पुसलेल्यांचा डबाही रिकामा केला.

कोन्सोर्सिया : झालं?

होबितो : कुठलं? पुसलेलं पत्र नुसतं झाकलं जातं, वहीत राहतंच. म्हणून तर हा ओरडत होता. आता ठेवायची तेवढीच पानं नव्या वहीत उतरवायची. 'कॉम्पॅक्ट' म्हणतात त्याला.

कोन्सोर्सिया : तुला एवढा घाम का फुटलाय? पंखा इकडे वळवते.

होबितो : राहू दे. ठेवायची पत्रं सगळी उतरली, मोजून पाहिली. म्हणून ती आधीची प्रतही पुसली, तिच्यातही घाण होतीच. आता पुन्हा तपासतोय... काही नाही सापडलं. हे बघा, मानोंगचं शेवटचं पत्र.

कोन्सोर्सिया : "आज सिनिगांगमध्ये मीठ जास्त पडलं. कॅप्टन दोनदा पाणी प्यायला, बोलला मात्र नाही." हेच ते. देवा, तुझे उपकार. आणि तुझेही, बाळा. भात झालाय, जेवूनच जा.

होबितो : माझे नका मानू, मानांग. दोन वर्षांपूर्वी एउफेमिया बाईंच्या मशीनवर अशीच चौकट आली होती. मी 'हो' दाबलं. त्यांच्या मुलीची सगळी पत्रं गेली. त्यांना सांगितलं, व्हायरसने खाल्ली.

कोन्सोर्सिया : बाई अजून स्वतःलाच बोल लावतात. म्हणतात, मीच काहीतरी भलतं उघडलं असणार.

होबितो : ठाऊक आहे. चर्चमध्ये दिसल्या की मी दुसऱ्या दाराने निघतो.

कोन्सोर्सिया : त्यांची गेली, म्हणून तू माझी एवढी जपलीस. मी तुझी आणि त्यांचीही ऋणी आहे. पण हे त्यांना कळायला हवं, आणि तुझ्याच तोंडून.

होबितो : घरात नाही घेणार मला.

कोन्सोर्सिया : मग पायरीवरून सांग. सांगशील? मला शब्द दे.

होबितो : ...दिला. कुठल्या वेळी असतात घरी?

कोन्सोर्सिया : या वेळी असतातच. जेवून जातोस?

होबितो : नको, भात झाकून ठेवा. जेवलो की उद्यावर ढकलीन.