किसनभाऊंचा चावीचा स्टार्टर

मंडळी, मागं उभे आहात ते पुढं या. सतरंजीवर जागा आहे. चेअरमन साहेब, सरपंचताई, रोज सकाळी केंद्रावर दूध घालणाऱ्या माह्या सगळ्या बाया-माणसं, आन किसनभाऊच्या शांताबाई, तुमी.

मले बोलाले लावलं. सेक्रेटरी आहे म्हणून लावलं असन. एरवी मी रोज तुमच्याशी फॅटवरून भांडते, तोंडाले कधी कुलूप नसते. आपले जनरेटरवाले किसनभाऊ काविळीनं गेले, त्याले दहा दिवस झाले. दहा दिवसांपासून मी एक वाक्य जुळवून राह्यली, ते जुळत नाही. म्हणून जसं येईन तसं बोलते. सांभाळून घ्या. न घ्यान तरी बोलते.

माह्याआधी चार जण बोल्ले. किसनभाऊ कष्टाळू होते. इमानदार होते. केंद्राचा आधार होते. ऐकून ऐकून मले राग येऊन राह्यला. खरंच सांगते, राग. अहो, एवढे चांगले होते, तर मिरगात आपण त्यायले कामावरून काऊन काढलं?

चुळबूळ करू नका. बसा.

नदीपलीकडून पाहुणे आले आहेत, त्यायच्यासाठी पहिल्यापासून सांगते. आपल्या केंद्रात दुधाची टाकी आहे. सकाळी कोमट दूध तिच्यात पडते, टाकी ते थंड करते, दुपारी टँकर आदिलाबादले नेते. करंट गेला की टाकी बंद. म्हणून जनरेटर. आन तो सांभाळणारे किसनभाऊ.

जनरेटर घ्याचा ठरला, तेव्हाची मीटिंग आठवते का तुमाले? दुकानदार दोन कागद घेऊन आला होता. किसनभाऊ मागून उठले. आधी ते कोळशाच्या खाणीत होते, जमिनीच्या खाली डिझेलची मशिनं चालवाचे. ते बोल्ले, "साहेब, चालू कराची सोय कोणती घेता ते आधी ठरवा. एंजिन सगळेच चांगले असतात. वेळेवर उठत नाही ते एंजिन काय कामाचं?" मग त्यायनं चावीचा स्टार्टर सांगतला. खाणीत ठिणगीचं भ्या, म्हणून तिथं बॅटरी चालत नाही. एक जाड स्प्रिंग असते. हँडल फिरवून तिले चावी द्याची, म्हणजे ताण द्याचा, खटका सोडाचा, एंजिन गरकन फिरते आन धरते. "बॅटरीचा सेल्फ बी राहू द्या," म्हणे, "पण जोडीले हा घ्या."

आपण काय केलं? हसलो. कोणीतरी म्हणालं, "किसनभाऊ, जनरेटर पाह्यजे, भिंतीवरचं घड्याळ नाही." मी बी हसली. मोठ्यानं हसली. दुकानदार म्हणे, आजकाल कोण हँडल फिरवते, बटन दाबा. आपल्याले बटन आवडलं.

बाहेर आल्यावर मी इचारलं, "भाऊ, बॅटरीत काय खराबी आहे?" ते म्हणाले, "बॅटरीत काही खराबी नाही बाई. खराबी गावात आहे. बॅटरी दिसली की लोकं मागाले येतात. स्प्रिंग कोणी मागाले येत नाही."

मंडळी, हे खोटं आहे का? सांगा न. कोणाचं ट्रॅक्टर उठत नव्हतं, बॅटरी द्या. कोणाच्या लग्नात भोंगा लावाचा होता, बॅटरी द्या. भजनाले, ग्रामसभेच्या माईकले, चेअरमन साहेबाच्या पिकअपले. "आत्ता आणतो" म्हणाचं, आन तिसऱ्या दिवशी आणाचं. अर्धमेली. किसनभाऊ बिचारे ती चार्जरवर लावून बसाचे. नाही म्हटलं की वरून आपणच म्हणाचो, "तुमच्या घरची आहे का?"

दर गुरुवारी त्यायचं काम पाह्यलं आहे मी. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा फुलोरा येते, तो गरम पाण्यात सोडा टाकून धुवाचे. पुसून वर व्हॅसलीन लावाचे. वायरीचा नट हातानं हलवून पाहाचे. पाणी कमी असलं तर डिस्टिल वॉटरच घालाचे, बोअरचं नाही. मग जनरेटर चालू करून त्याच्यावर टाकी चालवाचे, अर्धा तास. मी म्हणाची, "भाऊ, डिझेल काऊन जाळता?" ते म्हणाचे, "नुसतं भुर्र करून बंद केलं म्हणजे तपासलं होत नाही. वजन घेऊन चालते का ते पाहा लागते." आन एक गोष्ट मले दहादा सांगतली असन. "मीटर बारा दाखवते म्हणून खुश होऊ नका बाई. सेल्फ मारताना काटा किती खाली पडते, ते पाहा." मी हो म्हणाची. पाह्यलं मात्र कधीच नाही.

जनरेटरच्या खोलीत भिंतीवर त्यायनं रंगानं लिहून ठेवलं होतं. बटन दहा सेकंद. मग दोन मिनिटं थांबा. तीनदा झालं, तर सोडा. ते अजून तिथंच आहे. मान वळवा, उघड्या दारातून दिसते.

आता मिरगाचं सांगते.

किसनभाऊ लेकीकडं गुडीहत्नूरले गेले होते. एका रातीसाठी. जाताना जनरेटरच्या खोलीची चावी माह्या हातात देली. बोल्ले, "सुमनबाई, कोणाले देऊ नका." मी म्हटलं, "भाऊ, मी काय लहान आहो का?"

सकाळी सहा वाजता माह्या दारात माणूस आला. पेरणी तोंडावर, ट्रॅक्टर वावरात उठत नाही. "जरा बॅटरी द्या, आत्ता आणतो." मी चावी देली. कोण होता? माहा सख्खा दीर होता. तिकडं बसला आहे, मान खाली घालून. त्याले पाहू नका. मागणारा मागतेच. चावी माह्याजवळ होती.

आठ वाजता बॅटरी परत आली. ट्रॅक्टरचा डायनामो खराब, त्यानं ती पुरी पिऊन टाकली होती. दिरानं आणून कशीतरी जोडली. मी पाह्यलं नाही. साडेआठले सगळ्यायचं दूध टाकीत पडलं, आन करंट गेला.

बटन दाबलं. टक. पुन्हा दाबलं. टक.

त्याच्यानंतर काय झालं, ते इथं बसलेल्या पंधरा-वीस जणांले माहीत आहे. ज्याले पाहा तो बटनावर अंगठा ठेवून उभा. एक म्हणे, तुले जमत नाही, सरक. दुसरा म्हणे, दाबून धर, सोडू नको. भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलेलं, आन त्याच भिंतीले टेकून आपण दाबून राह्यलो. जळका वास आला, तवा सोडलं.

नऊ वाजता किसनभाऊ बसमधून उतरले. कोणीतरी सांगतलं, ते पळत आले. त्या वयात, चप्पल हातात घेऊन पळत आले. एका जीपची बॅटरी काढून आणली, जोडली. पण सेल्फच जळाला होता आपल्या अंगठ्यायनं. आता बॅटरी आणून काय करता? त्यायनं खोलीत चहूकडं पाह्यलं. टर्मिनलवर वावराचा ओला चिखल होता. त्यायनं बोटानं तो पुसला. मग माह्याकडं पाह्यलं. एकदाच.

दुपारी टँकरवाल्यानं झाकण उघडलं, वास घेतला, आन म्हणाला, "वद्दु अम्मा, वद्दु." नको म्हणाला. सगळं दूध नालीत गेलं. बाया रडून राह्यल्या होत्या. मी बी रडली. मले तर रडाचा हक्कच नव्हता.

संध्याकाळी मीटिंग. चेअरमन साहेबानं इचारलं, बॅटरीची जिम्मेदारी कोणाची? सगळे म्हणाले, किसनभाऊची. ठराव कोणी लिहिला? मी लिहिला. या हातानं लिहिलं, "ऑपरेटरच्या हलगर्जीमुळे." कोणी हात वर केले? तुमी केले. म्या बी केला. किसनभाऊ दारात उभे होते. दस्तखत मागतली तर करून देली, चावी ठेवली, आन गेले.

मले सांगा, काऊन बोल्ले नाही ते? एक शब्द! "सुमनबाईनं बॅटरी देली." एवढंच म्हणाचं होतं. मले त्यायचा बी राग येते, शांताबाई. माफ करा, पण येते. मेलेल्या माणसावर कसा राग काढाचा? ते बोल्ले असते तर मी सुटली असती.

दिवाळीले फराळ घेऊन मी तुमच्या घरी आली होती, शांताबाई. मनात होतं, आज सांगून टाकीन. भाऊ खाटेवर होते, डोळे पिवळे पडले होते. मी तोंड उघडाच्या आधी त्यायनंच इचारलं, "नवीन सेल्फ बसवला का?" मी म्हटलं, हो. "गुरुवारी चालवता न?" मी म्हटलं, हो भाऊ, दर गुरुवारी. खोटं! एकाही गुरुवारी कोणी चालवला नाही. ते म्हणाले, "मंग झालं." मी डबा ठेवला आन निघून आली.

आणखी एक ऐका. पिठाच्या गिरणीवर शांताबाईले एक बाई म्हणाली, तुह्या नवऱ्यानं आमचं दूध नासवलं. शांताबाई दळण तिथंच ठेवून घरी गेल्या. त्या बाईले मी ओळखते. तिले मीच सांगाले पाह्यजे होतं, दूध म्या नासवलं. म्या चावी देली, आन तुमी सेल्फ जाळला. किसनभाऊ तर गावातच नव्हते.

तो ठराव उद्या रद्द होईन. मी रद्द करून घेईन, नाही तर सेक्रेटरीपद सोडीन. चावीचा स्टार्टर बी येईन, त्याच्यासाठी मी साऱ्यायशी भांडीन, ते मले जमते. पण हे सगळं कागदावरचं झालं. शांताबाई इथं बसल्या आहेत, कागदावर नाही.

चेअरमन साहेब, तुमी दोन मिनिटं शांत उभं राहाले सांगणार आहात. मिरगापासून आपण शांतच तर आहो! आणखी दोन मिनिटं शांत राहून किसनभाऊले काय भेटणार आहे?

म्हणून एक मागते. उभे राहा. पण त्या दिवशी ज्यायनं ज्यायनं ठरावाले हात वर केला होता, त्यायनं आज बी हात वर करून उभं राहाचं. दोन मिनिटं पुरे. हात दुखन. दुखू द्या.

शांताबाई, तुमी बसून राहा. मान वर करा, आन आमच्याकडं पाहा. एकेकाकडं पाहा.

पहिला हात माहा.